रोज कंबरेला पिस्तूल लावायचं तर पट्टा कोणता घ्यावा?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. नागरिकत्व मिळालं, एलटीसी (टेक्ससचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना) काढलं, ग्लॉक १९ घेतलं. पॅन्टच्या आतल्या बाजूला, उजव्या कंबरेवर लावतो. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं, दोन दिवस ऑफिस. ऑफिसात बंदी आहे, म्हणून पार्किंगमध्ये गाडीतल्या पेटीत ठेवून जातो. मॉलमधून घेतलेला चामड्याचा पट्टा महिन्याभरात वाकला. पॅन्ट सारखी खाली येते आणि संध्याकाळपर्यंत कंबर ठणकायला लागते. आता चाळीस डॉलरपासून दीडशे डॉलरपर्यंतचे 'गन बेल्ट' बघतोय. स्टीलची पट्टी घातलेला, सगळ्यात कडक असेल तो घेऊन टाकू का?"

नको, तो घेऊ नका. तुमच्या दिनक्रमाला दीड इंच रुंदीचा, आत पातळ पॉलिमरची पट्टी असलेला आणि पाव-पाव इंचाने कमी-जास्त करता येणारा पट्टा हवा. साठ ते नव्वद डॉलरमध्ये चांगला मिळतो. का, ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की दुकानात कोणी काहीही गळ्यात मारलं तरी तुम्ही फसणार नाही. गेली बरीच वर्षं मी ह्यूस्टनजवळ चामड्याचे पट्टे आणि होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) बनवतो, एलटीसीचे वर्गही घेतो. पिस्तूल निवडायला लोक महिनोन् महिने घालवतात आणि पट्टा मात्र कपाटात असेल तो लावतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बाळगणं सोडून दिलेल्या बहुतेकांचं पहिलं कारण "टोचतं" हे असतं.

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण हे वाचणारे सगळे काही नागरिक नसतील. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. एलटीसी तरीही काढावं, दुसऱ्या राज्यांत जाताना ते उपयोगी पडतं. न्यू जर्सीत एडिसन-जर्सी सिटीकडच्या मंडळींना २०२२ पर्यंत असा परवाना मिळणं जवळपास अशक्य होतं. त्या वर्षी जूनमध्ये घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा हक्क मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा ब्रूएन निकाल आला आणि चित्र बदललं. पण एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणंच गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. आणि आई-बाबा किंवा सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहायला आले असतील तर, ही बंदी त्यांनाही लागते म्हणून, पिस्तूल कुलूपबंद पेटीत ठेवा, किल्ली त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. हा मुद्दा मी आपल्या लोकांना प्रत्येक वर्गात सांगतो. भारतातला परवाना, तिथले नियम हा पूर्ण वेगळा विषय आहे; इथलं तिथे लावू नका.

आता पट्ट्याकडे येऊ.

पट्टा पिस्तुलाचं वजन पेलतो, असं सगळे म्हणतात. ग्लॉक १९ भरलेल्या मॅगझिनसकट साधारण ८५५ ग्रॅम भरतं, होल्स्टर धरून किलोच्या आत-बाहेर. एवढं वजन कुठलाही बरा पट्टा पेलेल. खरी अडचण ते वजन कुठे बसतं ही आहे. पिस्तुलाची मूठ काडतुसांनी भरलेली असते, ती आणि स्लाइडचा (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या तुकड्याचा) मागचा भाग पट्ट्याच्या वर राहतो, आणि तेवढा हलका भाग पॅन्टीत खाली जातो. म्हणून पिस्तूल सतत शरीरापासून बाहेर कलंडू पाहतं. मऊ पट्टा त्या जागी पिळला जातो: वरची कड बाहेर झुकते, खालची कंबरेत रुतते. मूठ सुटते, शर्टातून उंचवटा दिसायला लागतो. मग माणूस काय करतो? पट्टा आणखी एक भोक आवळतो. पुन्हा सुटतं, पुन्हा आवळतो. तुमची संध्याकाळची कंबरदुखी बहुधा इथूनच आलेली आहे. चांगला पट्टा कमी आवळूनही पिस्तूल जागच्या जागी धरतो. माझ्या लेखी आराम आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. आधार कमी पडला की तो आवळून भरून काढावा लागतो, आणि आराम तिथे जातो.

म्हणून 'कडक' हा शब्द ऐकला की विचारायचं, कुठल्या दिशेने कडक? पट्टा रुंदीच्या दिशेने ताठ हवा आणि पिळायला अवघड हवा. लांबीच्या दिशेने मात्र तो शरीराभोवती सहज वळायला हवा. दुकानात हे दोन मिनिटांत तपासता येतं. पट्टा दोन्ही हातांत वीतभर अंतरावर धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. सहज पिळला गेला तर ठेवून द्या. मग एका जागी वरची आणि खालची कड बोटांत धरून एकमेकींकडे दाबा. पट्टा मधून दुमडला तर त्याच्यात दम नाही. शेवटी तोच पट्टा मांडीभोवती गुंडाळा. तो मांडीला सगळीकडून टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहत असेल, तर तशीच पोकळी तुमच्या कंबरेच्या खळग्यातही राहणार, आणि जिथे टेकेल तिथे सगळा दाब एका जागी येणार.

स्टीलच्या पट्टीवाले पट्टे बहुतेक या तिसऱ्या परीक्षेत नापास होतात. ते उजव्या कंबरेच्या हाडावर, पॅन्टच्या बाहेर, मोठ्या आकाराचं पिस्तूल लावणाऱ्यांना उपयोगी आहेत. तुमच्यासारखं आतून लावायचं, दिवसभर उठ-बस करायची, गाडी चालवायची, तर ते हाडावर कडी घातल्यासारखे बसतात आणि अंग त्यांच्याशी भांडत राहतं. स्टीलची पट्टी वारंवार वाकून कालांतराने एका जागी बाक धरूही शकते.

पिस्तूल कुठे लावता यावर बरंच अवलंबून आहे. घड्याळाच्या आकड्यांनी बोलायची इथली पद्धत आहे: बेंबीखालचं बक्कल म्हणजे बारा, उजवं कंबरेचं हाड तीन, पाठीचा कणा सहा. तुम्ही तीन ते चारच्या मध्ये लावता. तिथे पट्ट्याला उभा ताठपणा जास्त लागतो, कारण मूठ मागे आणि बाहेर अशी दोन्हीकडे ओढते. पुढे एक वाजताच्या जागेवर, म्हणजे अपेंडिक्सपाशी, लावणाऱ्यांचा पट्टा याहून लवचिक हवा. तिथे मूठ आत वळवण्याचं काम होल्स्टरला लावलेला छोटा पंजा करतो. तो पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकून मूठ पोटाकडे फिरवतो. पट्टा अतिताठ असेल तर तो पोटाच्या गोलाईवरून सरळ पुलासारखा जातो, होल्स्टर अंगाला टेकतच नाही, आणि पंजा वाया जातो. एकच पट्टा दोन्ही जागांना उत्तम असं क्वचितच होतं. जागा अजून ठरली नसेल तर लवचिकाकडे झुकलेला घ्या.

सहा वाजता, म्हणजे पाठीच्या मधोमध, लावू नका. पाठीवर पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं, गाडीत बसता येत नाही, आणि मागून मूठ दिसलेली तुम्हाला कळत नाही.

होल्स्टरची क्लिप आणि पट्टा यांची जोडी जुळली पाहिजे, याबद्दल मी जरा हट्टी आहे. क्लिप दीड इंची असते नाहीतर पावणेदोन इंची. दीड इंची पट्ट्यावर पावणेदोन इंची क्लिप लावली की होल्स्टर पाव इंच वर-खाली डुलतं, आणि पिस्तूल काढताना दर वेळी मूठ वेगळ्या उंचीवर सापडते. दुसरा भाग जाडीचा. बऱ्याच क्लिपमध्ये सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास फट असते. सात मिलिमीटर जाड पट्टा तिच्यात कोंबला की क्लिप उघडीच राहते आणि तिचा खालचा आकडा पट्ट्याच्या खालच्या कडेखाली जात नाही. वरून सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस पिस्तूल उपसायला जाता आणि होल्स्टरसकट हातात येतं, चाप अजून झाकलेलाच. घरी हे तपासा: पिस्तूल रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. होल्स्टर लावा, आरशात बघत शर्ट वर करा, आणि क्लिपचा आकडा पट्ट्याच्या खालच्या कडेला खरोखर अडकलाय का ते बोट फिरवून पाहा. मग दहा-वीस वेळा जोरात उपसून बघा. एकदा जरी होल्स्टर वर सरकलं तर ती जोडी चालणार नाही.

रुंदी दीड इंच म्हणतोय, कारण जीन्स आणि बहुतेक चिनोजच्या लूपमधून ती बेताची जाते. पावणेदोन इंची पट्टा काही पॅन्टींत शिरतच नाही. सव्वा इंची फॉर्मल पॅन्टला शोभून दिसतो आणि हलक्या पिस्तुलाला पुरतोही. साडेचारशे-पाचशे ग्रॅमच्या छोट्या रिव्हॉल्वरसाठी सव्वा इंची दुपदरी चामडं उत्तम; ग्लॉक १९ ला मात्र कमी पडतं. आणखी एक, पॅन्टची लूप नीट बघा. होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना लूप असेल तर पट्टा ओढून धरला जातो; होल्स्टर नेमकं लूपवर आलं तर ते अर्धा इंच पुढे-मागे सरकवावं लागतं. काही जण शिंप्याकडून एक जादा लूप लावून घेतात. काम लहानसं, पण फरक मोठा पडतो.

तुमचा मॉलमधला पट्टा का वाकला, तेही सांगतो. चामड्याच्या पट्ट्यावर 'अस्सल चामडं' असा शिक्का असला तरी त्याला फारसा अर्थ नसतो. बऱ्याचदा वर पातळ पापुद्रा, आत पुठ्ठा किंवा चामड्याच्या चुऱ्याचा दाबलेला थर, आणि कडेला जाड रंग असतो. पट्टा वाकवला की कडेचा रंग तडकतो आणि आतला थर दिसतो. पिस्तुलासाठी चामडं वनस्पतीजन्य द्रव्यांत, म्हणजे झाडांच्या सालींच्या अर्कात कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून असंच कमावतात, म्हणून तिचा तळ इतका टणक राहतो. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ, जाकिटाला छान. पट्ट्यात ते ताणत जातं. अमेरिकेत सेंट लुइसची हर्मन ओक ही टॅनरी (चामडं कमावण्याचा कारखाना) १८८१ पासून आहे आणि पेनसिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग ही त्याहून जुनी, मूळ टोरांटोतली, १८६७ ची. घोड्यांच्या लगामासाठी बनवतात ते ब्रायडल चामडं या दोघांकडे मिळतं. पट्टा बनवणाऱ्याने चामडं कुठलं हे सांगितलं नाही तर विचारून घ्या.

जाडी इथे औंसात सांगतात. एक औंस म्हणजे एका इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. सात-आठ औंसाचे दोन थर पाठीला पाठ लावून चिकटवले आणि दोन्ही कडांनी शिवले की सहा मिलिमीटरच्या आसपासचा पट्टा होतो. एकच जाड थर घेण्यापेक्षा दोन थर बरे, कारण दोन थर एकमेकांना पिळू देत नाहीत. आतल्या थराचं तोंड शरीराकडे असल्यामुळे घाम आणि घर्षण तोच सोसतो. म्हणून तोही चांगल्याच चामड्याचा हवा, कापडाचं अस्तर नको. चामडं जनावराच्या पाठीचं हवं. पोटाकडचं सैल आणि ताणणारं असतं, स्वस्त पट्टे तिथूनच कापतात. पट्टा सरळ टांगून पाहा. एका बाजूला आपोआप वळत असेल तर कातडं पोटाच्या बाजूचं असण्याची शक्यता आहे. शिवण जाड नायलॉनच्या धाग्याची, टाके कडेपासून सारख्या अंतरावर, आणि भोकांच्या भोवतीही फिरलेली असावी. भोकं गोल नकोत, किंचित लंबगोल हवीत. बक्कल स्क्रूने बसवलेलं असेल तर नवा पट्टा आणल्या दिवशीच स्क्रूला निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. हे स्क्रू हळूहळू सैल होतात आणि एक दिवस बक्कल हातात येतं. ते पार्किंगमध्ये नाहीतर दुकानात घडलेलं कोणालाच नको असतं.

चामड्याला वेळ द्यावा लागतो. पहिले काही दिवस तो लाकडासारखा लागेल. घरी पिस्तुलाशिवाय घालून कंबरेचा बाक घेऊ द्या. तेल किंवा लोणी चोळून मऊ करायला जाऊ नका. मग ज्यासाठी पैसे दिले तोच ताठपणा निघून जातो.

पण आपल्यात चामडं न वापरणारे बरेच आहेत. जैन कुटुंबांतले तर आहेतच, शिवाय गाईचं चामडं नको म्हणणारेही आहेत, आणि ते मनापासून म्हणतात. त्यांनी आधाराच्या बाबतीत तडजोड करायची काही गरज नाही. नायलॉनच्या दुपदरी पट्ट्या, किंवा पॉलिएस्टरच्या पट्टीवर प्लास्टिकचा थर चढवलेलं बायोथेन, दोन्ही उत्तम काम करतात. बायोथेन घोड्यांच्या साजात वापरतात, घाम शोषत नाही, पुसलं की स्वच्छ, आणि लांबून चामड्यासारखंच दिसतं. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये मी स्वतः बायोथेनच वापरतो. चामडं घामाने काळं पडतं आणि महिनाभरात मऊ होतं. नायलॉन घेताना आत पॉलिमरची पट्टी आहे ना, एवढं पाहा. पट्टीशिवायचं नायलॉन कितीही जाड असलं तरी पिळलं जातं.

बक्कलच्या बाबतीत लोकांना कोब्रा बक्कलचं फार वेड. ऑस्ट्रियातल्या टिरोलमधली ऑस्ट्रीअल्पिन ही गिर्यारोहणाच्या सामानाची कंपनी ते बनवते आणि वस्तू खरोखर दणकट आहे. पण रोजच्या वापरात त्याचं तोंड बहुतेक पॅन्टींच्या लूपमधून जात नाही. पट्टा घालताना एका बाजूचं बक्कल काढा, पट्टा ओवा, बक्कल परत लावा, आणि पॅन्ट बदलली की पुन्हा तेच. शिवाय ते जाड आहे. टी-शर्टाखाली बारा वाजता पिस्तुलापेक्षा तेच जास्त उठून दिसतं. तुम्हाला दोर चढायचा नाही. साधं, चपटं बक्कल घ्या.

पाव इंचाने सरकणारे दोन प्रकार आहेत. एकात पट्ट्याच्या मागे दातांची पट्टी असते आणि बक्कलमधला खटका दातांत अडकतो; बाहेरून भोकं दिसत नाहीत, ऑफिसच्या पॅन्टवरही चालतो. याच्या दातांत कपड्याचे तंतू आणि धूळ अडकते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडा. दुसऱ्यात नायलॉनची पट्टी सपाट आकड्यात ओवून आत वेलक्रोने बसवतात. हा सगळ्यात पातळ, अपेंडिक्सला लावणाऱ्यांचा आवडता. दोन्हीत बक्कल नेमकं बारावर ठेवलंच पाहिजे असं नाही. दहा-अकराकडे सरकवलं तर पोटावर जागा मोकळी होते.

हे बारीक सरकणं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं का, तर तुमचा दिवस. साध्या पट्ट्याची भोकं एक-एक इंचावर असतात. बसल्यावर आणि जेवल्यावर कंबर इंचभर सहज वाढते. दोन भोकांच्या मधला आकार लागला की एक भोक टोचतं आणि दुसऱ्यात पॅन्ट घसरते. त्यातून ऑफिसच्या दोन दिवसांत तुम्ही पिस्तूल गाडीत काढता आणि परत लावता. २०११ पासून टेक्ससच्या कायद्याने काही अपवाद सोडता मालकाला कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद खासगी गाडीतल्या पिस्तुलावर पार्किंगमध्ये बंदी घालता येत नाही, म्हणून हे शक्य आहे. ३०.०६ ची, म्हणजे छुपं पिस्तूल आत आणू नका अशी पाटी असलेली जागा किंवा लाल अक्षरांत ५१ टक्के लिहिलेला, पिस्तुलाला मनाई असलेला बार असला तरी हेच करावं लागतं. होल्स्टर निघालं की कंबर इंच-दीड इंचाने कमी होते. भोकांचा पट्टा मग ढगळ होतो. दातांचा पट्टा स्टिअरिंगमागे बसून एका हाताने आवळता येतो.

गाडीत काढताना पिस्तूल होल्स्टरमधून कधीच काढू नका. क्लिप सोडवा, होल्स्टरसकट उचला, तसंच पेटीत ठेवा. चाप झाकलेला राहिला पाहिजे. गाडीत अडचणीत बसून उघडं पिस्तूल परत आत घालताना शर्टाचं टोक चापात अडकू शकतं. म्हणून सहज निघणारी पण स्वतःहून न निघणारी क्लिप बघा. पेटी स्टीलची, सीटच्या सांगाड्याला तारेने बांधलेली. नुसत्या ग्लव्ह बॉक्समधून पिस्तुलं चोरीला जातात.

माप कसं घ्यायचं तेही लिहून ठेवा, इथे सगळ्यात जास्त ऑर्डरी परत जातात. पॅन्टवर ३४ लिहिलंय म्हणून ३४ चा पट्टा मागवू नका. पॅन्टवरचा आकडा आणि खरी कंबर यांत दोन इंचांचा फरक सर्रास असतो. होल्स्टर आणि रिकामं पिस्तूल लावून, रोज घालता ती पॅन्ट घालून, आत्ताचा पट्टा जिथे बरा वाटतो तिथे लावा. मग तो काढून सपाट पसरा आणि बक्कलची जीभ जिथून निघते तिथून वापरात असलेल्या भोकापर्यंत मोजा. हाच तुमचा आकडा. तो मधल्या भोकावर आला पाहिजे. पिस्तुलासह आणि पिस्तुलाशिवाय अशी दोन्ही मापं दुकानदाराला कळवा.

दुखण्याबद्दल तुम्ही 'कंबर ठणकते' एवढंच लिहिलंय. नेमकं कुठे ते पाहा. कंबरेच्या हाडावर लाल वळ उठत असेल तर पट्टा जास्त आवळलाय किंवा होल्स्टरची कड तिथे येते. होल्स्टर अर्धा इंच मागे घ्या किंवा आतून फोमची पाचर लावा. बसल्यावर मूठ बरगडीत घुसत असेल तर होल्स्टर खाली घ्या. गाडीतच दुखत असेल तर सीटची फुगीर कड मूठ आत ढकलते. त्याला पट्टा काही करू शकत नाही, जागा सव्वातीनकडे आणून बघा. पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ होत असेल तर ते हलक्यात घेऊ नका. कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून एक नस मांडीच्या बाहेरच्या त्वचेला जाते. तिच्यावर दाब आला की असं होतं. डॉक्टर याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात, घट्ट पट्टा हे त्याचं माहीत असलेलं एक कारण आहे. असं वाटलं तर आधी पट्टा सैल करा आणि डॉक्टरला पिस्तुलाचं स्पष्ट सांगा. संकोचून लपवलंत तर ते कण्यात कारण शोधत बसतील.

पोट मोठं असलेल्यांचा पट्टा पोटाखाली घसरतो, आणि तो आवळून थांबत नाही. त्यांना मी गॅलिस सुचवतो, शर्टाच्या आतून घालायचे मिळतात. वजन खांद्यावर देण्याची ही युक्ती आपल्याकडचीच म्हणायला हवी. पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवरून जाणारा तिरका पट्टा आपण लहानपणापासून पाहतो, तो सॅम ब्राउन पट्टा. १८५८ मध्ये उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत डावा हात गमावलेल्या या ब्रिटिश अधिकाऱ्याने तलवार आणि पिस्तूल सांभाळायला तो वापरात आणला. दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी तत्त्व तेच आहे, की कंबर एकटी पुरत नसेल तर खांद्याची मदत घ्यावी.

बायकांना दुकानदार बहुतेक वेळा पुरुषांचाच पट्टा लहान मापात देतात, आणि तो लागत नाही. कंबर आत आणि नितंब बाहेर असल्यामुळे सरळ पट्ट्यावर पिस्तुलाचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ थेट बरगडीत घुसते. ताईंनी किंचित वक्र कापलेला किंवा जास्त लवचिक पट्टा बघावा, होल्स्टरच्या खालच्या टोकाला पाचर लावावी. कुर्ता-लेगिंग्जला तर लूपच नसतात. त्यासाठी कपड्यांच्या आत, अंगालगत बसणारा स्वतंत्र पट्टा आणि त्यालाच जोडलेलं टणक होल्स्टर अशी रचना मिळते. पोटाला बांधायच्या नुसत्या इलॅस्टिकच्या पट्ट्यात, चाप झाकणाऱ्या टणक आवरणाशिवाय, पिस्तूल ठेवू नका.

आता एक गोष्ट, जी वर्गात कोणी विचारत नाही आणि मी न विचारता सांगतो: संडास. पट्टा सोडला की पिस्तुलाची बाजू जड असल्यामुळे उलटते, मूठ खाली जाते, आणि दाराखालच्या फटीतून शेजारच्याला दिसते किंवा पिस्तूल बाहेर घसरतं. पट्टा सोडण्याआधी होल्स्टर हाताने धरा, पॅन्ट गुडघ्यांपर्यंतच आणा, आणि गुडघे थोडे फाकवून तिथेच पट्टा पुन्हा लावा. ताठ पट्टा आता पिस्तूल सरळ धरून ठेवतो. ते काढून कागदाच्या डब्यावर, खुंटीवर किंवा टाकीवर ठेवू नका. तिथे विसरलेली पिस्तुलं लहान मुलांच्या हाती लागलेली आहेत. आणि पडलंच, तर हवेत झेलायला जाऊ नका. आजची चांगली पिस्तुलं पडल्यावर सुटू नयेत अशी बनवलेली असतात. झेलताना बोट चापावर जाणं हा धोका त्याहून मोठा.

घरी सत्यनारायणाला मांडी घालून बसणार असाल तर तीन-चार वाजताची जागा ठीक आहे, अपेंडिक्सवाल्यांच्या मात्र जांघेत नळी रुतते. वाकून नमस्कार करताना शर्ट मागून वर जातो आणि मूठ उघडी पडते. गुडघे टेकून करा, किंवा त्या दिवशी पिस्तूल पेटीतच राहू द्या.

नवा पट्टा आला की पहिला आठवडा घरून काम करता त्या दिवसांतच, रिकाम्या पिस्तुलासह घाला. जेवणापूर्वी आणि नंतर दोन्ही वेळा किती दात सरकवावे लागतात ते बघा. दुकानाची परतीची मुदत किती ते आधी विचारा, कारण बहुतेकांची तक्रार तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळते. मग दर सहा महिन्यांनी पट्टा टेबलावर कडेवर उभा करून पाहा. होल्स्टरच्या जागी तो बाहेर झुकलेला दिसला, शिवण उसवली असली किंवा दात झिजून खटका निसटायला लागला, तर नवा घ्या. चांगल्या पट्ट्याला तीन-चार वर्षं तरी काही होत नाही. तुमची पॅन्ट, होल्स्टरची क्लिप आणि कंबरेचं दोन्ही माप लिहून पाठवलंत तर रुंदी आणि जाडी नेमकी सांगेन.